ऐंशी सालचं ग्रहण

संघमित्रा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारासमोर मांडव टाकला होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. समोर तुझा फोटो. तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. फोटोवाल्यानं तुझ्या वरच्या ओठावरचा व्रण पुसून टाकलाय. ओठ अगदी सरळ, गुळगुळीत. तुझ्याच जागी दुसरी कुणी बसवल्यासारखी. मी तुझ्या भावाला, आनंदाला, बाजूला घेऊन विचारलं. तो बिचारा रडवेला झाला. म्हणाला, “ताई, आम्ही न्हाई सांगितलं. त्यानं आपल्या मनानंच केलं. फोटो हाती आला तवा वेळच नव्हता.”

तू असतीस तर फोटो त्याच पावली परत पाठवला असतास.

वंदना झाली, मग लोक बोलले. विज्ञाननिष्ठ शिक्षिका, विद्यार्थीप्रिय शिक्षिका, अकाली निधन. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहून खूण केली. मी उठले नाही. मराठीच्या बाई असून माझ्या तोंडून शब्द फुटेना. आज रविवार आहे. घरात कुणी नाही. म्हणून तुझ्याशीच बोलावं म्हटलं.

तू हसनाबादच्या शाळेत रुजू झालीस तो दिवस मला चांगला आठवतो. भोकरदनहून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आपण दोघी शेजारी कोंबलो गेलो होतो, आणि एकाच शाळेत जायचंय हे उतरेपर्यंत दोघींनाही माहीत नव्हतं. पहिला तास तुला आठवीवर मिळाला. शेजारच्या वर्गात मी होते. तुझा आवाज भिंतीपलीकडून आला, थोडा नाकातला. लगेच कुणीतरी तशीच नक्कल केली आणि वर्ग हसला. मग तू म्हणालीस, “माझा आवाज नाकातून येतो. माझा ओठ जन्मतः फाटलेला होता, तो शिवलेला आहे. ज्याला जवळून बघायचंय त्यानं बघून घ्यावं. मग आपण धडा सुरू करू.” बाकं सरकल्याचा आवाज आला. पोरं खरंच रांगेत उभी राहून बघून गेली म्हणे! त्यानंतर त्या शाळेत तुझी नक्कल कुणी केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं होतं, तुला वाईट नाही वाटत? तू म्हणालीस, “ताई, वाईट मला न्हाई वाटत. माझ्या मायला वाटतं.” आणि ऐंशी सालच्या ग्रहणाची गोष्ट मी तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकली.

फेब्रुवारी महिना, शिवरात्र नुकतीच झालेली. ज्वारीची सुगी चालू होती. त्या दुपारी सूर्यग्रहण आहे म्हणून गाव दारं लावून घरात बसलं. पण पीक वाळून कडकडीत उभं होतं आणि तुझ्या आईला, गयाबाईला, मजुरी सोडून चालणार नव्हतं. पोटात तू. ती एकटीच शेतात कापत राहिली. दुपार कलली तसा उजेड पिवळा पडला, सावल्या वेगळ्याच दिसायला लागल्या, पाखरं झाडावर येऊन बसली. तिनं वर बघितलं नाही. फक्त विळा चालवत राहिली. ज्येष्ठात तू जन्मलीस, ओठ दुभंगलेला. सुईणीनं तुला उचललं आणि पहिलं वाक्य बोलली, “गिऱ्हाणात विळा चालविला व्हय गं?”

तेवढंच वाक्य. पण गयाबाईनं ते जन्मभर उराशी धरलं. नऊ वर्षांची असताना शहरातल्या शिबिरात तुझं ऑपरेशन झालं, तू शिकलीस, बी.एस्सी., बी.एड., नोकरी. तुझी स्थळं दोनदा मोडली तेव्हाही ती म्हणाली, माझ्या हातानं झालं. ग्रहण लागलं की ती खोलीचं दार लावून, भिंतीकडं तोंड करून बसायची. मोठी झाल्यावर तू शाळेच्या मैदानात पोरांना चष्मे वाटायचीस आणि त्याच वेळी तुझी आई घरात दाराला कडी घालून बसलेली असायची.

मला वाटतं, तू विज्ञान शिकवायला निघालीस ती आम्हाला शिकवायला नव्हेच. एका बाईसाठी सगळं शिकलीस. तिच्यापर्यंत मात्र ते पोचत नव्हतं.

बावीस सालच्या दिवाळीतला तो दिवस. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता. माझी ऋतुजा बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. मी तुला आणि गयाबाईला फराळाला बोलावलं होतं. तू येताना ग्रहणाचे चष्मे घेऊन आलीस, अगदी हक्कानं. सकाळपासून ऋतुजाच्या सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले होते. वेध लागलेत, पोरीला बाहेर काढू नका, सुई-विळी हातात देऊ नका. मी हो हो म्हणत होते. मला त्यात काही फार पटत होतं असं नाही. पण पोटुशी पोर दुसऱ्याची सून असते तेव्हा पटण्याचा प्रश्न कुठं येतो?

ऋतुजाच म्हणाली, “मावशी, मला बघायचंय. गच्चीवर जाऊ.”

तू चष्मा तिच्या हातात दिलास. माझ्याकडं बघितलंस. मी फराळाचे डबे झाकायला लागले. ऋतुजा उठली. आणि तोवर कोपऱ्यात चिवडा खात बसलेल्या गयाबाईनं ताट बाजूला सारून तिचा हात धरला.

“नको बाई. माझ्यावानी करू नको.”

किती हळू बोलली ती. पण तू दारातच थांबलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“तुझ्यावानी म्हणजे काय माय?” तू म्हणालीस. “मी झाले ते वाईट झालं का?”

“तसं न्हाई गं…”

“मंग कसं? सांग की. माझ्या तोंडाकडं बघून सांग.”

मी तुला खुणावत होते, राहू दे, सणाचा दिवस आहे. तू ऐकलं नाहीस. आईच्या पुढ्यात खाली बसलीस आणि वर्गात समजावतात तसं समजावायला लागलीस. पोटातल्या बाळाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच सांधला जातो. दोन्ही बाजूंनी येतो आणि मध्ये जुळतो. कधी कधी जुळत नाही. “मी ज्येष्ठात झाले. म्हणजे माझा ओठ जुळायचा तो दिवाळीच्या सुमाराला जुळायचा. तवाच न्हाई जुळला. गिऱ्हाण तर शिवरातीला लागलं माय. तू विळा चालवत होतीस तवा माझा ओठ कधीचाच फाटलेला होता. तुझा विळा माझ्यापर्यंत आलाच न्हाई.”

तू हे बोललीस आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतकं सरळ, इतकं पक्कं. मला वाटलं, संपलं. चाळीस वर्षांचं ओझं आता उतरणार.

गयाबाईनं बोटांवर महिने मोजले. मग तिनं विचारलं, “मंग त्या दिवाळीत म्या काय केल्तं?”



“कापूस येचायला जात व्हते,” ती आठवायला लागली. “सासूसंग भांडण झाल्तं. दोन दिस जेवले न्हवते. त्यानं झालं आसंल का?”

संघमित्रा, तुझ्याजवळ सगळ्याची उत्तरं असायची. त्या दिवशी तू नुसती बसून राहिलीस. तुझ्याजवळचा दुसरा चष्मा उघडत, मिटत.

ऋतुजा गच्चीवर गेली नाही. ती गयाबाईशेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, आज्जी, मी इथंच थांबते. गयाबाईनं लगेच आपला पदर ओढून तिच्या पोटावर पसरला. पश्चिमेची खिडकी मी आधीच लावून घेतलेली होती. त्या जुन्या झडपेला खिळ्याचं एक भोक आहे, माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. सूर्य खाली आला तसा त्या भोकातून उजेडाचा एक ठिपका समोरच्या भिंतीवर पडला, जुन्या रुपयाएवढा. त्याची एक कड खाल्लेली होती.

आधी ऋतुजाला दिसलं. “हे काय?”

तू वर बघितलंस. तुझा आवाज एकदम बदलला. “अगं, हेच ग्रहण. हा सूर्यच आहे. भोकातून उलटा होऊन आलाय.”

आपण बाहेर जाऊन बघायचं की नाही यावर एवढं रामायण झालं, आणि ते माझ्या घराच्या भिंतीवर येऊन बसलं! मी झडपेवर कापड टाकायला उठले, तर गयाबाई म्हणाली, “राहू द्या बाई.” पदर तिनं काढला नाही. उलट आणखी घट्ट धरला. पण मान वळवून भिंतीकडं बघत राहिली, ठिपका सरकत वर गेला, तांबूस झाला, विझला तोपर्यंत. ऐंशी साली जे तिनं वर मान करून बघितलं नव्हतं, ते तिनं त्या दिवशी बघितलं. मग तिनं विचारलं, “एवढंच आसतं?”

“एवढंच आसतं माय,” तू म्हणालीस.

जानेवारीत ऋतुजाला मुलगी झाली. बारशाला गयाबाई आली. बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यात आधी तिच्या ओठावरून बोट फिरवलं. “बराबर हाये,” ती म्हणाली. आणि पुढं तुझ्याकडं बघून, “पदर धरला म्हून.”

तू कपाळावर हात मारून घेतलास. जीपमध्ये दुसऱ्या दिवशी माझ्यावर चिडलीस. “बघा ताई, आता पदराचा नवा शोध लागला. म्हणजे एक भीती घालवायची तर दुसरी तयार.” मी म्हटलं, असू दे ना. तिला एकदा तरी वाटू दे की तिच्या हातून चांगलं झालं. तू म्हणालीस, “खोट्यानं बरं वाटून काय उपयोग? तुम्ही मराठीवाल्या सगळं हळवं करून ठेवता.” मी म्हटलं, पुराव्यानं तरी काय झालं? तू ग्रहण काढून घेतलंस तर ती दिवाळीत जाऊन शोधायला लागली. तिला कारण नकोय गं, तिला दुसरंच काहीतरी हवंय.

“दुसरं म्हणजे काय?” तू विचारलंस.

जीप हसनाबादला आली, आपण उतरलो. हे आपलं भांडण तिथंच राहिलं. पुढं कितीतरी वेळा आपण ते उकरून काढलं आणि प्रत्येक वेळी शाळा आली म्हणून सोडून दिलं.

तेवीसच्या ऑगस्टमध्ये चांद्रयान उतरलं, तेव्हा तू शाळेत पडदा लावला होतास. शाळा सुटूनही पोरं थांबली होती, पालक आले होते. तू गयाबाईला जीपमध्ये घालून आणलं होतंस, पहिल्या रांगेत खुर्ची दिली होतीस. पडद्यावरची रेघ खाली खाली येत होती आणि तू ओठ दाबून उभी होतीस. आधीचं यान पडलं होतं तेव्हा तू दोन दिवस धड बोलली नव्हतीस, मला माहीत होतं. यान उतरलं. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तू रडत होतीस आणि टाळ्याही वाजवत होतीस. त्या गोंगाटात गयाबाईनं तुझी ओढणी ओढली.

“काय माय?”

“तिथून गिऱ्हाण दिसतं का?”

तू तिच्याकडं अशी बघत राहिलीस की जणू यान आता उतरलं. उभ्या जन्मात तिनं तुला आकाशाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तू तिथंच गुडघ्यावर बसलीस. एका हाताची मूठ चंद्र, दुसऱ्या हाताची मूठ पृथ्वी. आपल्याकडं चंद्रग्रहण असतं तेव्हा चंद्रावर सूर्यग्रहण असतं, कारण आपली पृथ्वी मध्ये येते.

“म्हंजे आपली सावली पडती?”

“आपली. सगळ्यांची.”

गयाबाईनं पडद्याकडं बघितलं. “मंग तिथं कोणी बाई असती तर तिनं आपल्याला शिव्या घातल्या असत्या.”

तू हसलीस, संघमित्रा. तो व्रण ताणून, सगळे दात दाखवून हसलीस. मला तुझा तोच चेहरा आठवायचाय. मांडवातला नाही.

यंदाच्या मार्चमध्ये, धुळवड होऊन गेल्यावर, तू जीपमध्ये चढल्या चढल्या फोन माझ्या नाकापुढं धरलास. एक खासगी यान चंद्रावर उतरलेलं होतं आणि त्यानं तिथून ग्रहणाचा फोटो पाठवला होता. काळं आकाश, पृथ्वीच्या मागं गेलेला सूर्य, कडेला उजेडाची बारीक कड आणि एका ठिकाणी खडा जडवावा तसा ठिणगीएवढा उजेड. चंद्रावर उभं राहून घेतलेला फोटो. “मायनं विचारलं होतं ते हे,” तू म्हणालीस. दिवसभर तुझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. संध्याकाळी मलाही ओढून घरी नेलंस.

गयाबाईनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“यात आपलं गाव कुठं हाये?”

“आपण मागच्या बाजूला. आपल्याकडं तवा दुपार होती.”

“कवा झालं हे?”

“धुळवडीच्या दिवशी. दुपारी.”

“दुपारी?” ती दचकली. “दुपारी तर म्या मेथी चिरून राह्यले व्हते. विळीवर.” तिनं आपल्या बोटांकडं बघितलं. “मला कोणी सांगितलं न्हाई.”

तू म्हणालीस, “सांगितलं असतं तर चिरली नसतीस. मंग आपण काय खाल्लं असतं?”

ती हसली नाही. फोन तुझ्या हातात परत देताना एवढंच म्हणाली, “कुठं ना कुठं चालूच आसतं म्हणायचं.” आणि चहा टाकायला उठली. तुला वाटलं, विषय संपला, तिला काही पटलेलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

नंतरचे महिने भराभर गेले. आपला माणूस अंतराळ स्थानकात गेला तेव्हा ते स्थानक आपल्या डोक्यावरून जाणार म्हणून तू पोरांना संध्याकाळी मैदानात उभं केलंस आणि ढगांनी सगळं झाकून टाकलं. तरी तू त्यांना हात हलवायला लावलंसच. जुलैत तू सांगितलंस की दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला एक धूमकेतू सापडलाय, असा पाहुणा सापडण्याची ही तिसरीच वेळ. त्याचं तुला भारी कौतुक. रोज जीपमध्ये त्याचीच बातमी.

आणि मग ताप. साधा ताप म्हणून तू दोन दिवस शाळेत आलीस. तिसऱ्या दिवशी जागेवरून उठवेना. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, पेशी खाली आलेल्या. शहरात नेलं. मी भेटायला आले तेव्हा तुझ्या हाताला सुया, ओठ कोरडे पडलेले. तू म्हणालीस, “ताई, नववीचा प्रकाशाचा धडा राहिलाय. तुम्ही नुसता वाचून दाखवा. समजावू नका, चुकीचं सांगाल.” मी म्हटलं, तू येशील की सोमवारी. तू डोळे मिटलेस. शेवटचं बोलणं आपलं ते. मी तुझ्या कपाळावर हात ठेवायला हवा होता. दवाखान्यातल्या नर्सनं वेळ संपली म्हटलं आणि मी निघून आले.

तुला कधी न बोललेलं पुष्कळ आहे. तुझ्यासोबत त्या जीपमध्ये रोज जाऊन येऊन मी जेवढं शिकले तेवढं डी.एड.ला शिकले नाही. ऋतुजाची पोर आता भिंतीवर उजेड पडला की बोट दाखवते, तेव्हा मला तू दिसतेस. आणि तुझ्या आईनं ‘माझ्यावानी करू नको’ म्हटलं त्या दिवशी घरी गेल्यावर तुझं काय झालं असेल, हे मी तुला विचारायला हवं होतं. मी तुझ्या हुशारीचं कौतुक करत राहिले. तुला लागलं होतं.

आता कालचं सांगते. तू तिथं नव्हतीस म्हणून सांगायलाच हवं.

जेवणं झाली, माणसं पांगली. बायका गयाबाईच्या भोवती बसल्या होत्या. तुमच्या गावाकडची एक म्हातारी आली होती, तुझी लांबची चुलत आजी म्हणे. वाकलेली, कान गेलेले, त्यामुळं मोठ्यानं बोलत होती. तिनं गयाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “गये, गिऱ्हाणाची पोर व्हती ती. गिऱ्हाणानं शेवटी नेलीच बघ.”

मला तर काय करावं कळेना. वाटलं, उठून त्या म्हातारीला बाहेर न्यावं. गयाबाई आधीच इतक्या दिवसांत काही बोललेली नव्हती. कुणी रडलं तरी रडत नव्हती. आता ती पार खाली जाईल असं मला वाटलं.

तिनं म्हातारीचा हात गुडघ्यावरून उचलून हळूच खाली ठेवला.

“तिचा ओठ गिऱ्हाणाच्या आधीच तसा व्हता,” ती म्हणाली.

“आं?”

“आधीच व्हता!” ती ओरडली. “दिवाळीतच झाल्ता. माझा इळा तिला लागला न्हाई. माझ्या पोरीनं मला समदं समजावून सांगितलंय. आन् ती गेली ती तापानं गेली. मच्छर चावला म्हून गेली. बिलकुल गिऱ्हाणाचं नाव घ्यायचं न्हाई माझ्या घरात.”

“मंग ओठाला काय झाल्तं?” म्हातारी आपल्या धुंदीत.

मी बघत होते, संघमित्रा. मला वाटलं, आता ती पुन्हा कापूस सांगेल, सासू सांगेल, दोन दिवसांचा उपास सांगेल.

“काहीच न्हाई झाल्तं,” ती म्हणाली. “तसाच व्हता. चांगला व्हता.”

आणि मग ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आनंदा धावत आला, त्याला वाटलं आईला काही झालं. मी त्याला थांबवलं.

तुझ्या पुराव्यानं झालं, का धुळवडीच्या मेथीनं, का पंचेचाळीस वर्षांनी तुला आणखी कुणी नावं ठेवलेली तिला सोसवलं नाही, मला माहीत नाही. आपल्या भांडणात कोण जिंकलं, तेही माहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघा, मी सांगतच होते. मी म्हणाले असते, अगं पण शेवटी ती काय म्हणाली ते ऐक ना, चांगला व्हता म्हणाली. आणि पुन्हा शाळा येईपर्यंत चाललं असतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी निघाले. आनंदा आईला पुण्याला घेऊन जाणार आहे, सामान बांधायला सुरुवात केलीय. गयाबाई मला दारापर्यंत सोडायला आली. चपला घालताना म्हणाली, “बाई, आता सूर्याचं गिऱ्हाण कवा हाये?”

मला पटकन आठवेना. असलं सगळं तूच सांगायचीस. मी फोन काढून शोधलं. “दिसणारं म्हणजे सत्तावीस सालात हो मावशी. ऑगस्टमध्ये. संध्याकाळच्या वक्ताला.”

“पाऊस आसंल.”

“असंल बहुतेक. दिसंल न दिसंल.”

तिनं दाराची चौकट धरली. आत आनंदा तुझी पुस्तकं खोक्यात भरत होता, त्याचा आवाज येत होता.

“आनंदाला म्हणते, मला त्या टायमाला भोकरदनला आणून सोड,” ती म्हणाली. “आपण गच्चीवर जाऊ. मला आता गुडघ्यानं जिना चढणं व्हत न्हाई. तुमी हात धरसाल न?”

मी हो म्हटलंय, संघमित्रा.